ऐरोलीहून ए.ए.ची मीटिंग शोधताना: पत्त्याआधी फोन

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय. मिस्टर ४३ वर्षांचे, रबाळ्याला एमआयडीसीत शिफ्टमध्ये कामाला. रोजचं पिणं आहे, आणि गेल्या सहा-आठ महिन्यांपासून सकाळीही लागते. मुलीशी भांडण झालं त्या रात्री पहिल्यांदाच ते स्वतःहून म्हणाले, "एकदा जाऊन बघतो त्या मीटिंगला." ताईंनी फोनवर शोधून ठाण्यातल्या एका शाळेचा पत्ता काढला, दोघं रविवारी गेले, तर फाटकाला कुलूप. मिस्टर म्हणाले, "बघ, असलं काही नसतंच," आणि येताना स्टेशनबाहेरच्या परमिट रूममध्ये शिरले. आता ताई विचारतात: आमच्या जवळची मीटिंग कुठे असते, ती चालू आहे याची खात्री कशी करायची, आणि मी बरोबर जायचं की नाही?

ताई, मी बावीस वर्षं ठाण्यात व्यसनमुक्तीचा समुपदेशक म्हणून काम करतोय. तुमच्यासारखं कुलूप बघून परत आलेली बरीच कुटुंबं मी पाहिली आहेत. या कुलपाला कारण असतं. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांच्या आधारासाठी चालवलेली संघटना. तिच्या गटांकडे स्वतःची जागा क्वचितच असते. शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, एखाद्या संस्थेची खोली, असं संध्याकाळपुरतं मिळतं. शाळेला परीक्षा लागल्या, मे महिन्याची सुट्टी पडली, निवडणुकीचं मतदान केंद्र आलं, की गट त्या आठवड्यापुरता दुसरीकडे बसतो. हे नेहमीच्या सभासदांना तोंडी कळतं. फोनवर दिसणारा पत्ता मात्र कुणीतरी तीन वर्षांपूर्वी टाकलेला असतो, आणि तो बदलायची जबाबदारी कुणाचीच नसते. म्हणजे मीटिंग होती. तुम्हाला ती कुठे सरकली हे सांगणारं कुणी नव्हतं, एवढंच.

म्हणून माझ्याकडे कुणी पत्ता मागितला, की मी तो शेवटी देतो. आधी फोन करायला लावतो. ए.ए.चं भारतातलं सर्वसाधारण सेवा कार्यालय मुंबईतच आहे. त्यांच्या संकेतस्थळावर हेल्पलाइन आणि गटांची माहिती असते. फोन लावून एवढंच म्हणायचं: "ऐरोलीत राहतो, रविवारी मोकळा असतो, मराठी मीटिंग हवी, आणि पहिल्यांदा येतोय, कुणी भेटेल का?" हे शेवटचे तीन शब्द विसरू नका. बहुतेक वेळा पलीकडचा माणूस स्वतः पिणं सोडलेला असतो, आणि तो म्हणतो, "स्टेशनला उतरलात की फोन करा, मी तिकीट खिडकीजवळ उभा राहतो." या एका वाक्यासाठी तो फोन करायचा. ज्याला न्यायला कुणी उभं आहे, तो माणूस परमिट रूमकडे वळत नाही असं नाही, पण त्याला ते अवघड जातं.

हा माझा शहाणपणा नाही, चूक करून शिकलोय. नवीन होतो तेव्हा एका गृहस्थांना चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला, वेळ लिहिली, वर बसचा नंबरही लिहिला. मोठ्या कंपनीत अकाउंट्सला होते, शर्ट कडक इस्त्रीचा. शाळेच्या फाटकाशी पोचले, वॉचमनला हळूच विचारलं, "इथे मीटिंग असते ना?" वॉचमन खुर्चीवरून न उठता ओरडला, "दारूवाल्यांची का? वर जा, दुसरा मजला, सहावी ब!" मैदानात मुलं खो-खो खेळत होती. गृहस्थ तिथूनच मागे फिरले. माझ्याकडे परत आले ते दीड वर्षाने, तेव्हा बायको माहेरी गेलेली होती आणि लिव्हरचे रिपोर्ट हातात होते. नंतर त्याच सहावी बमध्ये ते अकरा वर्षं बसले, हा भाग वेगळा. पण ते दीड वर्ष माझ्या त्या चिठ्ठीचं होतं. कुणी फाटकाशी उभं असतं, तर वॉचमनला विचारावंच लागलं नसतं.

तसं बघितलं तर ही सगळी चळवळच एका फोनवरून उभी राहिली. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा एक शेअर बाजारातला माणूस, बिल, कामासाठी ॲक्रन नावाच्या गावी गेला होता. काम फसलं होतं, दारू सोडून काही महिनेच झाले होते, आणि हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार होता. त्याने दुसऱ्या बाजूच्या फोनवरून चर्चच्या लोकांना फोन लावायला सुरुवात केली: मला बोलायला एक दारुडा शोधून द्या. शोधता शोधता त्याला तिथले एक सर्जन भेटले, डॉक्टर बॉब. त्या डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ ला, आणि तोच दिवस ए.ए.चा जन्मदिवस मानतात. भारतात हे १९५७ मध्ये आलं. लॉबीतल्या त्या माणसाला पत्ता नको होता, समोर बसून बोलणारा माणूस हवा होता. तुमच्या मिस्टरांनाही तेच हवंय, फक्त ते तसं म्हणणार नाहीत.

आता जरा थांबून एक गोष्ट सांगतो, जी तुम्ही विचारली नाहीत, पण मला सगळ्यात काळजी तिचीच वाटते. सकाळी लागते म्हणालात. उठल्यावर हात थरथरतात का? घाम येतो का? एक पेग गेला की थरथर थांबते का? तसं असेल तर शरीराला दारूची सवय जडली आहे, आणि अशा माणसाने एकदम बंद करणं धोक्याचं असतं. शेवटच्या पिण्यानंतर सहा-आठ तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काही जणांना भास होतात, माणसं ओळखू येत नाहीत. यात माणूस दगावतो. घरचे लोक काय करतात? "रविवारी मीटिंगला जायचंय ना, मग शनिवारपासून एक थेंब नाही," म्हणून बाटली ओतून टाकतात. वास येऊ नये, लाज वाटू नये, म्हणून. आणि रविवारी लोकलमध्ये फिट येते. कृपा करून असं करू नका. ए.ए.च्या मीटिंगला प्यायलेला माणूसही बसू शकतो. गोंधळ घातला नाही, मध्ये बोलला नाही, की कुणी हाकलत नाही. तिथले निम्मे लोक पहिल्या दिवशी तसेच आलेले असतात.

दारू थांबवायची ती डॉक्टरांना दाखवून. ऐरोलीहून कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय लांब नाही. तिथे मानसोपचार विभागाची ओपीडी विचारा. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहेच. मला माहीत आहे, त्याचं नाव काढलं की माणसं बिचकतात. "याला ठाण्याला नेऊन टाका" हे आपल्याकडे शिवीसारखं बोललं जातं, आणि १९०१ पासूनचं ते रुग्णालय हे ओझं वाहतंय. पण ओपीडीत बाकावर बसलेल्यांत व्यसनाचे पेशंटही असतात, आणि गोळ्या लिहून घेऊन माणूस घरी येतो. थरथर आणि फिट टाळणाऱ्या गोळ्या साधारण आठवडाभर, हळूहळू कमी करत, आणि बरोबर व्हिटॅमिन बी-१. काही पेशंटना चार दिवस दाखल करावं लागतं, ते डॉक्टर ठरवतील. आधी फिट येऊन गेलेली असेल, तर ते पहिल्या वाक्यात सांगा. नुसता सल्ला हवा असेल तर सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि मानसिक आरोग्यासाठी टेलीमानस, १४४१६. दोन्ही मोफत.

गोळ्यांवरून आठवलं. लोकलच्या डब्यात ती चिकटवलेली पत्रकं असतात ना, "पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा". त्या पुड्यांच्या वाटेला जाऊ नका. आत काय आहे कुणालाच ठाऊक नसतं. दारूशी न पटणारं एक खरं औषध आहे, डायसल्फिराम, पण ते घेणाऱ्याला माहीत असावं लागतं, कारण त्यावर प्यायलं की रक्तदाब कोसळू शकतो. चहात मिसळून दिलं आणि नवऱ्याने बाहेर जाऊन क्वार्टर मारली, तर पोलीस तुमच्या दारात येतील. आणि समजा यातलं काही झालं नाही, तरी तुमच्या हातचा चहा प्यायला माणूस पुन्हा धजत नाही. अशी दोन घरं मी पाहिली आहेत.

मीटिंगमध्ये नेमकं काय होतं, ते मिस्टरांना आधी सांगा. भीती बहुतेक त्याचीच असते. सहावीच्या मुलांची बाकं, गुडघे वर येतात. फळ्यावर कुणाचा तरी लसावि अर्धा सोडवलेला. एक जण पुढे बसतो, सुरुवातीचं ठरलेलं वाचन होतं. मग एकेक जण, "मी अमुक, मी अल्कोहोलिक," म्हणून आपली गोष्ट सांगतो, पाच-दहा मिनिटं. बाकीचे ऐकतात. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. पहिल्या दिवशी बोलायची सक्ती नाही, "आज ऐकायला आलोय" म्हटलं की झालं. आडनाव विचारत नाहीत, आधार कार्ड नाही, वही नाही. एक पिशवी किंवा टोपली फिरते, सभासद त्यात दहा-वीस रुपये टाकतात, खोलीचं भाडं आणि चहा निघावा म्हणून. नवख्याने काही टाकायची गरज नाही. बाहेरच्या देणग्या ए.ए. घेत नाही, तो त्यांचा नियम आहे. म्हणून एखाद्या जागी "मीटिंग"च्या नावाखाली हजार रुपये नोंदणी मागितली, तर ती ए.ए. नाही, उठून यावं. शेवटी सगळे उभे राहून एक छोटी प्रार्थना म्हणतात आणि पुन्हा चहा. खरं काम पुष्कळदा या चहाच्या वेळी होतं. पायरीवर उभं राहून कुणी तरी विचारतं, "शिफ्ट कुठली तुमची?" आणि आपला फोन नंबर देतं.

प्रार्थना म्हटली की आणखी एक शंका येते. "आम्ही माळकरी घरातले, चर्चमध्ये कशाला जायचं?" खोली चर्चची असली तरी गट चर्चचा नसतो. ए.ए. कुठल्याही धर्माशी जोडलेली नाही. ते देव म्हणतात तो "ज्याला जसा समजेल तसा". तिथे बसून मनात पांडुरंगाला हाक मारली तरी चालते, आणि काहीच मानत नसाल तरी चालतं. आमच्याकडे माळ घालून सुटलेली माणसंही आहेत, खोटं का बोलू? पण नीट बघितलं तर त्यांना माळेबरोबर दिंडी मिळालेली असते, रोजची भजनाची बैठक मिळालेली असते. एकट्याने घातलेली माळ मी खुंटीला अडकवलेली पाहिली आहे, आणि खाली बाटली.

जवळची मीटिंग की लांबची? तुम्ही जवळची विचारली. पहिल्या महिन्यात मी थोडी लांबची सुचवेन. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे या पट्ट्यात सगळे एकमेकांना ओळखतात. कंपनीतला सुपरवायझर, गावाकडचा भावकीतला, एनएमएमटीचा कंडक्टर. फाटकातून आत जाताना कुणी बघितलं तर, ही भीती खरी असते. ट्रान्स हार्बरची लोकल आहे. ठाण्याला किंवा वाशीकडे जा, अर्धा तासही लागत नाही. आणि आत ओळखीचं कुणी दिसलंच, तर तोही त्याच बाकावर बसलाय, एवढं मिस्टरांना सांगा. दोन-तीन महिन्यांनी मात्र घराजवळचा गट धरावा, कारण पाऊस लागला, मेगाब्लॉक आला की लांबचा गट चुकवायला कारण मिळतं. आणि पिणाऱ्याला कारण लागतच असतं.

एकाच मीटिंगवरून ठरवू नका. गटागटाचा स्वभाव वेगळा असतो. एका ठिकाणी सगळे साठीचे, दुसऱ्या ठिकाणी तरुण पोरं, तिसऱ्या ठिकाणी एकच जुना सभासद तासभर बोलतो आणि नवखा जांभया देतो. निदान सहा मीटिंग, त्याही दोन-तीन वेगवेगळ्या गटांत, मग मत बनवावं. ए.ए.मध्ये जुनी रीत आहे, नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग. शिफ्टवाल्याला ते जमणं कठीण, पण एक गट आठवड्यातून एक-दोनदाच बसतो, म्हणून दोन-तीन गटांचे वार लिहून भिंतीवर लावले तर आठवड्याला तीन-चार सहज होतात. बहुतेक मीटिंग संध्याकाळी सातच्या पुढे असतात, म्हणजे नेमक्या बारच्या वेळेला. ते बरंच आहे. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात ती वेळ हुकेल, तेव्हा सकाळची किंवा ऑनलाइन मीटिंग बघा. लॉकडाऊनपासून फोनवरच्या मीटिंग पुष्कळ झाल्या आहेत. पण सुरुवात फोनवरून करू नये असं माझं मत आहे. कॅमेरा बंद करून समोर ग्लास ठेवणारे मी बघितले आहेत.

काही जुने सभासद नवख्याला सांगतात, "डॉक्टरच्या गोळ्या म्हणजे पण नशाच, सोडून दे." तो त्यांचा वैयक्तिक उत्साह. ए.ए.ची स्वतःची भूमिका तशी नाही. औषधाचं डॉक्टर बघतील, सभासद डॉक्टर नाहीत, असं ते स्पष्ट सांगतात. कान बंद करून गोळ्या चालू ठेवायच्या.

तुम्ही बरोबर जायचं का? ए.ए.च्या मीटिंग दोन प्रकारच्या असतात. क्लोज्ड, म्हणजे फक्त पिण्याचा प्रश्न असलेल्यांसाठी, आणि ओपन, जिथे घरचे, मित्र, कुणीही बसू शकतं. फोनवर हेही विचारून घ्या. पहिली मीटिंग ओपन असेल तर एकदा सोबत जा. पुढच्यांना जाऊ नका. तुम्ही शेजारी असलात की ते तुमच्या चेहऱ्याकडे बघून बोलतील, किंवा बोलणारच नाहीत. मुलीला सोबत पाठवणं तर नकोच, लक्ष ठेवायला म्हणून पाठवतात काही जण. वडिलांवर पहारा देणं हे तिचं काम नव्हे. तिच्यासाठी अलाटीन आहे, पिणाऱ्यांच्या किशोरवयीन मुलांचे गट. आणि तुमच्यासाठी अल-अॅनॉन. दारू पिणाऱ्याच्या घरच्यांचा हा वेगळा गट आहे, ए.ए.सारखाच, फुकट, आडनाव न विचारणारा. मिस्टर गेले नाहीत तरी तुम्ही जाऊ शकता. नव्हे, जाच. त्यांच्या सुपरवायझरला "ताप आहे" असा फोन तुम्ही किती वेळा केलात? तो फोन करणं तिथल्या बायका थांबवायला शिकल्या आहेत, आणि कसं ते त्या माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. (वाचणाऱ्या एखाद्या बाईचाच प्रश्न पिण्याचा असेल, तर हेल्पलाइनवर बाईशीच बोलायचंय असं निःसंकोच म्हणा. पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकटीने शिरणं कठीण असतं. बायकांच्या स्वतंत्र ऑनलाइन मीटिंगही असतात.)

ए.ए. नाहीच रुचली, तर? पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतंय, आणि त्यांची पाठपुराव्याची पद्धत पक्की आहे. तिथे फोन करून आपल्या भागातल्या पाठपुरावा गटाची चौकशी करा. ठाण्यात आयपीएच, म्हणजे मानसिक आरोग्यासाठी काम करणारी १९९० पासूनची संस्था, तिथे समुपदेशन मिळतं. दाखल करायची वेळ आलीच, तर त्या केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, ते कागदावर बघा. रात्री गाडी पाठवून उचलून नेतो म्हणणाऱ्यांना नाही म्हणा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनही येतं. माणसाला बांधून ठेवणं, कोंडून मारणं त्यात बसत नाही.

एक आकडा सांगतो, तुम्हाला घाबरवायला नाही. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसली तरी मदत मिळाल्याचं त्यात दिसलं. बाकीचे ३७ कुठे असतात? तुमच्यासारखे कुणाच्या तरी फाटकापर्यंत येऊन परत गेलेले त्यात असणारच. मिस्टर फाटकापर्यंत आले होते. हे त्यांना बोलून दाखवा, टोमणा म्हणून नाही: "कुलूप होतं, पण तुम्ही आला होतात."

फोन तुम्ही लावा, पण बोलू दे त्यांनाच. वेळ त्यातल्या त्यात बऱ्या तब्येतीची निवडा. फर्स्ट शिफ्ट असेल तर घरी येऊन जेवल्यावर, बाहेर पडायच्या आधी. तुम्ही स्वयंपाकघरात जा. पहिल्यांदा कुणी उचलला नाही, तर तासाभराने पुन्हा लावा. ती माणसं नोकरी करणारी आहेत, लोकलमध्ये लटकत असतील.